जुनं भांडं न आटवता त्याचा दागिना कसा होतो

इंदूरच्या मराठी घरांतली जुनी भांडी माळ्यावरून खाली उतरली की त्यांच्यापुढे दोनच रस्ते असतात. चांदीची असतील तर सराफा, बाकीची असतील तर बर्तन बाजार. दोन्हीकडे काटा आणि दोन्हीकडे मोडीचा भाव. तिसरा रस्ता म्हणजे त्यांचेच दागिने करायचे. आजीच्या ताम्हणाचं पदक, अत्तरदाणीच्या झाकणाचं कानातलं, चांदीच्या चमच्याची अंगठी अशा कल्पना बऱ्याच जणींच्या मनात येतात, पण कुठल्या धातूला काय जमतं हे ठाऊक नसल्यामुळे काम तिथंच अडतं. सराफ्यात विचारायला जावं तर दुकानदार वस्तू काट्यावर टाकून मोकळा होतो, "भाभीजी, गला दो और नया ले लो."

त्याच्या धंद्याच्या हिशेबानं तो बरोबर आहे. पण दागिना करायचा असेल तर माझा सल्ला उलटा आहे: भांडं शक्यतो आटवू नका. कापा, वाकवा, छिद्र पाडा, रिव्हेट मारा, पण आटवू नका.

याला एक कारण धातूचंच आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. भांड्यांचं पितळ साधारण ९०० ते ९४० अंश सेल्सिअसला वितळतं आणि जस्त ९०७ अंशांना उकळायला लागतं. म्हणजे पितळ नीट पातळ होईपर्यंत त्यातलं जस्त धूर होऊन उडायला लागलेलं असतं. उरलेल्या धातूचा रंग बदलतो, ओतताना आत भोकं राहतात, आणि तो पांढरा धूर छातीत गेला तर काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. वेल्डिंगवाल्यांना हा ताप चांगला माहीत असतो. घरच्या गच्चीवर मूस मांडून पितळ आटवण्याचे व्हिडिओ पाहून कुणी उत्साहात येऊ नये.

दुसरं कारण असं, की आटवलेल्या चांदीत आणि बाजारातल्या चांदीत काही फरक उरत नाही. काठाची गोलाई, ठोक्यांच्या खुणा, घासून घासून पातळ झालेली कड, ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव, हे सगळं मुशीत जातं. मग आजीचं भांडं म्हणायचं ते कशाला?

आधी धातू ओळखा

पहिलं काम ओळखण्याचं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. भांड्याच्या तळाशी, दिसणार नाही अशा जागी कानशीनं एक बारीक ओरखडा काढा. आत लालसर दिसलं तर तांबं, पिवळं दिसलं तर पितळ. वर पांढरं आणि आत पिवळं म्हणजे मुलामा. लोहचुंबक लावून पाहा: चिकटला तर आत लोखंड आहे. मात्र चिकटला नाही म्हणून चांदी ठरत नाही. ज्यावर १८/८ असं कोरलेलं असतं त्या स्टीललासुद्धा चुंबक नीट धरत नाही. त्यातले १८ म्हणजे टक्क्यांत क्रोमियम आणि ८ म्हणजे निकेल.

खरी फसगत होते ती चांदी आणि जर्मन सिल्व्हरमध्ये. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण, त्यात चांदी औषधालाही नसते. साहेबी थाटाच्या जुन्या काट्या-चमच्यांवर ईपीएनएस अशी अक्षरं असतील तर ते याच धातूवर चांदीचा मुलामा दिलेलं काम आहे. डोळ्यांना फरक कळत नाही, पाण्यात कळतो.

पाण्यातली परीक्षा घरी जमते. एक दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. आधी वस्तूचं कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्यानं भरलेलं प्लास्टिकचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही अशी हातात लटकवून धरा. आता काटा जो आकडा दाखवेल, तितके मिलिलिटर पाणी वस्तूनं बाजूला सारलं. कोरड्या वजनाला या आकड्यानं भागा. फुलपात्र १२६ ग्रॅमचं असेल आणि काट्यावर १२ दिसले, तर भागाकार साडेदहा येतो. शुद्ध चांदीची घनता १०.५ च्या आसपास असते, ९२५ टंचाची (म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असलेली) थोडी कमी. तेच फुलपात्र जर्मन सिल्व्हरचं असेल तर आकडा साडेचौदाच्या जवळ जाईल आणि भागाकार ८.७ येईल. पितळ आणि तांबं साडेआठ ते नऊच्या दरम्यान. पोकळ मुठीच्या वस्तूंना मात्र ही परीक्षा लावू नका, कारण मुठीत लाख किंवा राळ भरलेली असते आणि हिशेब चुकतो. फुलपात्राच्या काठाखाली हवेचे बुडबुडे अडकतात, तेही बोटानं काढून टाका.

काशाला असली परीक्षा लागत नाही, आवाज पुरतो. टिचकी मारली की पितळ लवकर गप्प होतं, कासं बराच वेळ वाजत राहतं. आणि इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून काशाबद्दल जरा सविस्तर लिहिते. कासं म्हणजे सुमारे ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. तळपाय चोळायची काशाची वाटी बघा, केवढी घट्ट आणि जड असते. पण हा धातू गार असताना वाकत नाही, तडकतो. काशाची थाळी कासार घडवतात ती लालभडक तापवून. घरी हातोडी घेऊन बसलात तर पहिल्या दहा ठोक्यांत तिचे दोन तुकडे होतील. त्यामुळे काशाचं कडं किंवा अंगठी करायचा विचार सोडून द्या. उलट, आधीच फुटलेली काशाची वाटी असेल तर तिचा तुकडा फार देखणा दिसतो. कडा कानशीनं गोल करायच्या, हळू गतीच्या ड्रिलनं एक छिद्र पाडायचं आणि सुती गोफात ओवायचं. फुटलेल्या कडेचा करडा-पिवळा दाणेदार रंग एका बाजूला तसाच ठेवला तर मला जास्त आवडतो.

ॲल्युमिनियमचा विषय थोडक्यात संपतो. ते मऊ असतं, सहज कापलं जातं, पण साध्या डाकानं (सोल्डरनं) जोडता येत नाही आणि तापवताना लाल न होता ६६० अंशांना एकदम ढासळतं. रिव्हेट मारून काय होईल ते करा. स्टीलचे चमचे तर घरच्या हत्यारांना दादच देत नाहीत.

धातू कडक का होतो

तांब्याची पट्टी हातात घेऊन एकदा वाकवा, सहज वाकते. परत सरळ करायला गेलात तर ती त्याच जागी सरळ होत नाही, शेजारी वाकते. चार-पाच वेळा केलं की तुटते. सोनाराच्या ऐरणीवरचं अर्धं शास्त्र या एका गोष्टीत आहे.

धातू आतून बारीक स्फटिकांचा बनलेला असतो आणि स्फटिकात अणूंचे थर एकावर एक असतात. वाकवताना हे थर एकमेकांवरून सरकतात, पण अख्खा थर एकदम सरकत नाही. अंथरलेली जड सतरंजी जागची हलवायची तर आपण तिच्यात एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेतो, तसंच थरात एक खोट असते आणि ती खोट पुढे सरकत जाते. ठोकत राहिलं की अशा खोटी वाढत जातात, एकमेकींत अडकतात, आणि मग काहीच सरकेनासं होतं. हाताला ते कडकपणा म्हणून जाणवतं. आणखी जोर लावला तर चीर पडते.

उपाय म्हणजे ताव देणं. धातू तापला की अणूंना हलायला वाव मिळतो, जुने गुंतलेले स्फटिक जाऊन त्यांच्या जागी नवे, सुटसुटीत स्फटिक तयार होतात आणि पट्टी पुन्हा मऊ पडते. तांब्याला ताव देताना खोलीत अंधार करा आणि मंद, काळपट लाल रंग दिसला की थांबा. भगभगीत लाल होईपर्यंत वाट पाहायची गरज नाही. तांबं लगेच पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं. पोलादाची सवय असलेल्या लोहाराला हे उलटं वाटतं, कारण पोलाद असं विझवलं की कडक होतं. पितळ मात्र लाली जाईपर्यंत तसंच ठेवा, एकदम पाण्यात टाकलं तर तडा जाण्याची भीती असते. आणि जस्ताचा मुलामा असलेली बादली, नट-बोल्ट, पत्रा यांतलं काहीही तापवायचं नाही.

ताव दिल्यावर तांबं काळं पडतं. कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून त्यात ठेवलं की काळा थर सुटतो. सोनार पूर्वापार चिंचेचं पाणी आणि आमसूल वापरत आले आहेत, काम तेच. या पाण्यात एकदा तांबं उतरलं की लोखंडी चिमटा बुडवू नका. लोखंड लागलं की पाण्यातलं तांबं आतल्या वस्तूंवर बसतं आणि चांदी गुलाबी होते. लाकडाचा किंवा प्लास्टिकचा चिमटा चालतो. पितळही या पाण्यातून थोडं गुलाबीच निघतं, कारण वरच्या थरातलं जस्त विरघळलेलं असतं. जरा पितांबरी लावून घासलं की पिवळेपणा परत येतो.

ताम्हणाचं पदक

घरी पहिलं काम करायचं तर ताम्हण घ्या. ताम्हण तांब्याचं, पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आत-बाहेर, पूजेचं असल्यामुळे त्याला कल्हई नसते, आणि काठाला बाहेरच्या अंगानं सुंदर वळण असतं. त्यातून रुखवतातलं असेल तर काठावर नाव असतं. पूर्वी बर्तन बाजारात भांडं घेतलं की तिथंच बसलेला माणूस पंच आणि हातोडीनं एकेक ठिपका ठोकत नाव घालून द्यायचा. हल्ली मशीननं घालतात, अक्षरं वाकडीतिकडी पळतात. ठिपक्यांची अक्षरं भांडं रोज घासलं तरी बरीच वर्षं टिकतात, कारण तिथे धातू खरवडलेला नसतो, आत दाबलेला असतो.

माझ्याकडे आलेल्या एका ताम्हणावर 'चि. सौ. कां. हिस मामाकडून' अशी अक्षरं होती, मधलं नाव घासून पार गेलेलं. तळाला भोक पडलं होतं म्हणून ते पूजेतून बाद झालं होतं. त्यातलं फक्त 'मामाकडून' एवढं कापायचं ठरलं. आधी पातळ कागद काठावर ठेवून पेन्सिलनं घासला, म्हणजे ठिपके उमटतात. त्या कागदावर पदकाचा आकार काढला: वर ताम्हणाचा मूळचा काठ तसाच, खाली होडीसारखी गोलाई. कागद डिंकानं परत धातूवर चिकटवला.

कापायला सोनाराची बारीक पात्याची आरी लागते. पातं निवडताना एकच नियम पाळा: पत्र्याच्या जाडीत निदान तीन दाते मावले पाहिजेत, नाहीतर दाते अडकून पातं तुटतं. पात्याला मेण चोळा आणि आरी उभी धरा, जोर लावू नका. रेघेच्या केसभर बाहेरून कापत जा, उरलेलं कानशीसाठी. ताम्हणाचा काठ वळलेला असल्यामुळे सपाट फळीवर तो डगमगतो, म्हणून खाली लाकडाचा ठोकळा त्याच वळणाचा खरवडून घेतला. हा ठोकळा करण्यात जाणारा वेळ वाया जात नाही. पदकाची खोलगट वळणं तशीच राहतात आणि ते गळ्याशी नीट बसतं.

छिद्र पाडण्याआधी पंचानं एक खड्डा करावा, म्हणजे ड्रिल घसरत नाही. तुकडा बोटांत धरून ड्रिल कधीही चालवू नका. ड्रिल अडकलं की पत्रा गरकन फिरतो आणि बोटं कापतो. क्लॅम्प लावा, तेलाचा एक थेंब टाका. मग कडा कानशीनं, एकाच दिशेनं, त्यानंतर पॉलिश पेपर ४००, ६००, १००० असा क्रमानं, पाणी लावून. पाण्यामुळे धूळ उडत नाही. ओतीव पितळेच्या कामात तर हे पाळायलाच हवं, कारण त्यात शिसं असू शकतं. अक्षरांवरून जाडा कागद मुळीच फिरवायचा नाही.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून ती काळी करता येतात. एक अंडं उकडून, गरम असतानाच कुस्करून पदकासोबत बंद डब्यात ठेवलं की अंड्यातल्या गंधकानं तांबं आणि चांदी दोन्ही काळवंडतात. मग वरचा भाग पुसून काढला की काळेपणा फक्त ठिपक्यांत उरतो. देवघरातल्या ताम्हणाला अंडं लावायचं कसं, असा प्रश्न आमच्याकडे येतोच. त्यावर उत्तर सोपं आहे: काही करू नका, वापरून सहा-आठ महिन्यांत ठिपके आपोआप काळे होतात.

चमच्याची अंगठी

चमचा चांदीचा किंवा जर्मन सिल्व्हरचा असावा. दांडीचं नक्षीदार टोक अंगठीवर दर्शनी येतं. लांबी किती कापायची यात बहुतेकांची अंगठी लहान होते, कारण पट्टी वाकली की तिची आतली बाजू आखडते आणि बाहेरची ताणली जाते. म्हणून आतल्या व्यासात पट्टीची जाडी मिळवायची आणि मग ३.१४ नं गुणायचं. बोटाला बसणाऱ्या अंगठीचा आतला व्यास १७ मिलिमीटर आणि दांडी २ मिलिमीटर जाड असेल, तर १९ गुणिले ३.१४, म्हणजे जवळपास ६० मिलिमीटर. जाडी विसरलात तर ५३ येतात आणि अंगठी करंगळीत जाते.

चांदीच्या दांडीला ताव देऊन सळईवर लाकडी मोगरीनं वळवा. लोखंडी हातोडी नक्षी चेपते. मुलाम्याच्या चमच्याला ताव देऊ नका, मुलामा खराब होतो. तो गारच, हळूहळू वळवायचा, आणि जिथं कानस लागेल तिथं आतला धातू उघडा पडणार हे गृहीत धरायचं.

जोडकाम

आग न वापरता जोडायचं तर रिव्हेट. दीड मिलिमीटरची तांब्याची तार घ्या, तंतोतंत तिच्या मापाचं छिद्र दोन्ही तुकड्यांत पाडा, तार आरपार घालून दोन्ही बाजूंना तारेच्या जाडीच्या निम्म्याइतकी बाहेर ठेवा आणि हलक्या हातानं टोकं पसरवा. पितळेवर तांब्याचा लाल ठिपका छान दिसतो, झाकायची गरज नाही.

डाक लावायचं काम मात्र मी सराफ्यातल्या कारागिराकडे नेते. तो पितळ बघून नाखूश झाला तर रागावू नका. त्याच्या पाटाखालच्या धुळीत सोन्या-चांदीचा कीस असतो, ती धूळ झारेकरी विकत घेतात, आणि तुमच्या पितळेचा भुगा त्यात मिसळला तर त्याचं नुकसान होतं. कानसकाम घरून संपवून नेलं तर तो सहसा तयार होतो. नेण्यापूर्वी भांड्यावर कल्हई किंवा जुनी शिसं-कथलाची झाळ कुठे शिल्लक आहे का ते पाहा आणि असेल तर पूर्ण खरवडून काढा. कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला. चांदी डाकासाठी सातशेच्या आसपास तापली की हा उरलेला थेंब चांदीतच मुरतो आणि तिथे खड्डा पडतो. तो खड्डा घासून जात नाही.

अंगावर घालताना

तांब्या-पितळेच्या दागिन्याखाली कातडी हिरवी होते ती घामातले क्षार आणि तांबं यांच्यामुळे. साबणानं धुतली की जाते, त्यात काळजीचं काही नाही. आतल्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावलं तर काही आठवडे टळतं. निकेलची गोष्ट वेगळी आहे. ज्यांना निकेल सोसत नाही त्यांना खाज सुटते, पुरळ येतं, आणि एकदा ही ॲलर्जी जडली की सहसा जन्मभर राहते. युरोपात कातडीला लागून राहणाऱ्या वस्तूतून दर आठवड्याला चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा नियम आहे, आणि टोचलेल्या कानात घालायच्या दांडीसाठी ती मर्यादा ०.२ आहे. त्यामुळे जर्मन सिल्व्हरचं कानातलं करायचं असेल तर खुशाल करा, फक्त कानातून जाणारी तार चांदीची घ्या.

कापू नये असं काही

चांदीचे जुने रुपये हाताशी असतात आणि त्यांची माळ करायचा मोह होतो. १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ च्या रुपयात तर निकेलच आहे, म्हणून सरसकट सगळे सारखे समजू नका. सूर्यमुखाचा होळकरी रुपया निघाला तर त्याला भोक पाडणं किंवा कडी डाकणं म्हणजे चांदीच्या भावाहून जास्त किंमत घालवणं. नाण्याभोवती कोंदण करा, नाणं मोकळं राहू द्या. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू किंवा नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतं, आणि असं काही परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या लेकीसाठी दागिना करत असाल तर हे आधी पाहून घ्या. बाकी ज्या भांड्याची नक्षी अखंड आहे, झाकण आहे, जोडी पूर्ण आहे, ते मी कापत नाही. तळ गेलेलं, चेपलेलं, जोडी मोडलेलं, अटाल्यात (भंगारात) जाणारं भांडं भरपूर मिळतं.

कामाला बसताना मांडीवर जाड कापड घ्या आणि चांदीचा कीस वेगळ्या डबीत, पितळ-तांब्याचा वेगळ्या डबीत झटका. एकत्र झाले तर सराफ्यात टंच काढताना कापून घेतात. पितळेचे कातरे साठले की बर्तन बाजारात काट्यावर जातात, तिथे तुकड्यांनाही तोच मोडीचा भाव मिळतो.